दोन पाऊलखुणा : एक हवेत, दुसरी फोनमध्ये



नव्याने मधुमेह निघालेल्या पेशंटला मी पहिल्या भेटीत एक काम देतो. आठवडाभर जे जे तोंडात जाईल ते वहीत लिहून आणायचं. चहा किती वेळा, सोबत बिस्किटं किती, आणि 'नुसता चाखून बघितला' तो पेढासुद्धा. आठवड्यानंतर बहुतेक जण वही उघडायच्या आधीच ओशाळून हसतात. मला काही बोलावंच लागत नाही. आपण किती खातो हे आपल्याला माहीत आहे, असं आपल्याला वाटत असतं. वही ते खोटं पाडते.

दोन वर्षांपूर्वी अशी एक वही मला स्वतःसाठी घालावी लागली. झालं असं, की दिल्लीत डॉक्टरांची एक परिषद होती. विषय होता 'हवामानबदल आणि आरोग्य'. मी सांगलीहून गाडीने पुण्याला आणि तिथून विमानाने दिल्लीला गेलो. सभागृहात एसी इतका गार, की ऐन उन्हाळ्यात मी सत्काराची शाल अंगावर घेऊन बसलो. परत आल्यावर जेवताना बायकोला उत्साहाने सगळं सांगायला लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आमटी वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे प्रदूषण कसं कमी करायचं, हे ऐकायला तुम्ही विमानाने गेलात होय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वही काढली.

आजच्या लेखात मी दोन पाऊलखुणांबद्दल सांगणार आहे. पहिली कार्बन फूटप्रिंट. आपल्या रोजच्या जगण्यामुळे, म्हणजे वीज, इंधन, प्रवास, खाणं आणि खरेदी यामुळे, जो कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्यासारखे उष्णता धरून ठेवणारे इतर वायू हवेत जातात, त्यांचं एकूण वजन. दुसरी डिजिटल फूटप्रिंट. फोन आणि संगणक वापरताना आपल्यामागे जी माहिती उरते, तिचा माग. या दोन्हींत एक साम्य आहे. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, दोन्ही आपण न ठरवता वाढत जातात, आणि त्यांचा त्रास बऱ्याचदा दुसऱ्यालाच भोगावा लागतो.

हा डॉक्टरचा विषय आहे का?

आहे. निदान सांगलीच्या डॉक्टरचा तरी नक्कीच आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. निम्मं गाव पाण्यात होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. एखाद्या पुराचं सगळं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. धरणांचे विसर्ग, नदीकाठची बांधकामं अशी बरीच कारणं असतात. पण एक साधं भौतिकशास्त्र आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. जास्त बाष्प म्हणजे कोसळलाच तर जास्त पाऊस.

पहिल्या पुराच्या वेळी आम्ही काही डॉक्टर एका शाळेतल्या निवारा केंद्रावर बसत होतो. ताप, जुलाब, पायांच्या बोटांमधल्या चिखल्या हे तर होतंच. पण खरी पंचाईत जुन्या पेशंटांची होती. घर पाण्यात, त्यात फाईल पाण्यात, गोळ्या पाण्यात. "बीपीची गोळी कोणती घेता?" म्हटलं की उत्तर यायचं, "पांढरी, बारकी." हृदयाची झडप बदललेल्या एका काकूंना रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणत्या मात्रेत चालू आहे, हे कुणालाच सांगता येईना. ही गोळी कमी झाली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. शेवटी त्यांच्या पुण्यातल्या भाच्याच्या फोनमध्ये दोन महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो सापडला आणि आमचा जीव भांड्यात पडला.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. हा लेख 'फोन वाईट, विमान वाईट' असा नाही. त्या दिवशी एका फोटोने एक जीव सांभाळला. मात्र एक फोटो काय करू शकतो याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे, आणि त्यात चूक माझी होती. ते पुढे सांगतो.

माझी वही

हिशेबाला आकडे फार लागत नाहीत. हे चार लक्षात ठेवा, तुम्हालाही तुमचा हिशेब करता येईल.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (एक लिटरचं वजन पाऊण किलो आणि धूर सव्वादोन किलो कसा, असं विचाराल. पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून वजन वाढतं.) घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो. आणि पुणे-दिल्ली विमानप्रवास, येऊन-जाऊन, माणशी साधारण दीड-दोनशे किलो.

आता आमच्या घरचं. आम्ही दोघंच, मुलगा नोकरीला बाहेर. वीज महिन्याला २५० युनिट, म्हणजे वर्षाला २१०० किलो. गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर, म्हणजे सव्वाबाराशे किलो. आठ सिलिंडर, साडेतीनशे किलो. दिल्लीच्या दोन वाऱ्या, आणखी तेवढंच. बेरीज चार टन. माणशी दोन टन.

भारताचं सरासरी उत्सर्जन माणशी सुमारे दोन टन आहे, जगाचं पावणेपाचच्या आसपास. मी क्षणभर खूश झालो. मग लक्षात आलं, की देशाच्या दोन टनांत कारखाने, सिमेंट, मालवाहतूक, शेतीपंप, रुग्णालयं सगळं आलं. मी अजून अन्न, कपडे, फोन काहीच धरलं नव्हतं. आणि दवाखाना तर वेगळाच. तिथे महिन्याला सव्वातीनशे युनिट जळत होते. म्हणजे आणखी पावणेतीन टन.

पेशंटला 'फक्त एक चमचा साखर' लपवताना पकडणारा मी, माझं पोतंच विसरलो होतो.

उपचार काय केले

मोठ्या आजारावर आधी मोठं औषध द्यायचं, टॉनिक नंतर. म्हणून सर्वांत मोठ्या आकड्याकडे गेलो. दवाखान्यात दोन एसी. एक माझ्या खोलीत, एक बाहेर, पेशंट बसतात तिथे. तपासलं तर बाहेरचा एसी दुपारी दवाखाना बंद असतानाही चालू राहायचा, कारण 'चारला पुन्हा गार करायला वेळ लागतो' असं आमच्या कंपाउंडरचं म्हणणं.

बाहेरचा एसी मी बंदच केला. खिडक्या उघडल्या, दोन नवे पंखे लावले. नव्या बीएलडीसी प्रकारच्या पंख्याला सुमारे ३० वॅट लागतात, जुन्याला ७५ च्या घरात. वीज वाचली हा एक भाग. पण खरा फायदा वैद्यकीय आहे, आणि तो मला तीस वर्षांत आधीच सुचायला हवा होता. आपला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करून सोडतो. त्या बंद खोलीत एक जण फ्लूचा, एक क्षयाचा, एक सहा महिन्यांचं बाळ घेतलेली आई. खोकल्यातून उडालेले जंतू सगळ्यांच्या वाट्याला. उघडी खिडकी ही संसर्ग टाळायची सर्वांत स्वस्त सोय आहे. तुम्ही कुठल्याही दवाखान्यात गेलात आणि खिडक्या बंद दिसल्या, तर उघडायला सांगा. डॉक्टरला राग आला तर माझं नाव सांगा.

माझ्या खोलीतला एसी २० वरून २६ अंशांवर आणला आणि सोबत पंखा. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियमही आहे. फक्त लसींच्या फ्रिजला हात लावला नाही. तिथे दोन ते आठ अंश म्हणजे दोन ते आठच. काटकसर कुठे करायची नाही हेही ठरवावं लागतं.

दवाखान्याचं बिल सव्वातीनशे युनिटवरून दोनशेवर आलं. वर्षाला एक टन कमी.

गाडीचं म्हणाल तर घर ते दवाखाना अंतर दीड किलोमीटर. रोज चार फेऱ्या गाडीने, आणि संध्याकाळी चालायला पुन्हा गाडीने मैदानावर जायचो! आता दवाखान्यात चालतच जातो. पेट्रोल फार वाचलं असं नाही, पण माझी उपाशीपोटीची साखर सीमारेषेवरून खाली आली. रस्त्यात पेशंट भेटतात आणि फुकट सल्ला घेतात, एवढाच तोटा.

परिषदांचं ठरवलं, की वर्षातून एकच प्रवासाची, बाकी ऑनलाइन. एका विमानवारीइतका कार्बन वाचवायला आमच्या घरचा गॅस जवळजवळ सहा महिने बंद ठेवावा लागेल. अशी तुलना केली की कुठे हात घालायचा ते कळतं.

औषधांनाही वजन असतं

जगाच्या एकूण उत्सर्जनात आरोग्यक्षेत्राचा वाटा सुमारे ४.४ टक्के आहे, असा अंदाज २०१९ च्या एका जागतिक अहवालात आहे. आमच्या धंद्यातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते तुमच्या खिशात असू शकतं.

दम्याचा फवाऱ्याचा पंप. दाबला की औषध बाहेर फेकणारा वायू त्यात असतो. हा वायू तुमच्या छातीला अपाय करत नाही, पण हवेत गेल्यावर तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त उष्णता धरतो. त्यामुळे एका पंपाचा हिशेब, तो कोणता आहे त्यानुसार, सुमारे १० ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. म्हणजे चार ते तेरा लिटर पेट्रोल. याउलट कॅप्सूल फोडून कोरडी पूड ओढायचं जे यंत्र असतं, त्यात असा वायूच नसतो. त्याचा हिशेब एक किलोच्या आसपास. आणि ते आपल्याकडे स्वस्तही मिळतं.

थांबा! हे वाचून पंप फेकू नका. लहान मुलं, फार अशक्त वृद्ध आणि दम्याचा जोरात झटका आलेला माणूस यांना पूड नीट ओढता येत नाही. त्यांना पंप आणि स्पेसरच लागतो. श्वास कोंडलेल्या माणसाने पृथ्वीचा विचार करायचा नसतो. तुम्हाला पूड चालेल का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, एवढंच म्हणतोय.

यातला खरा मुद्दा वेगळा आहे. माझे एक शेतकरी आजोबा महिन्याला दोन पंप संपवायचे. चिठ्ठी न दाखवता दुकानातून आणायचे, तेही फक्त तात्पुरता आराम देणारे. रोजचं नियंत्रणाचं औषध 'सवय लागंल' म्हणून बंद. शिवाय पंप दाबायचे आणि मग श्वास घ्यायचे, म्हणजे निम्मं औषध जिभेवर. त्यांना रोजचं औषध पूडरूपात दिलं, समोर बसवून तीन वेळा ओढून घेतलं. आता त्यांचा एक पंप कित्येक महिने पुरतो. रात्री झोप लागते हे त्यांचं कौतुक. कार्बन वाचला हे माझं. आराम देणारा पंप वारंवार लागणं ही दमा ताब्यात नसल्याची खूण आहे, एवढं मात्र प्रत्येक दमेकऱ्याने लक्षात ठेवा.

हाच नियम बाकी ठिकाणी. न लागणारी तपासणी, 'घ्या तरी एक सलाईन', कपाटात मुदत संपेपर्यंत पडलेल्या गोळ्या. हे सगळं कुठेतरी वीज, प्लास्टिक आणि इंधन खाऊन बनलेलं असतं. "डॉक्टर, ही तपासणी केली नाही तर काय होईल?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फोनचं वजन किती?

'गुड मॉर्निंग'चे मेसेज पुसा, ईमेल रिकामे करा, पृथ्वी वाचवा, असे संदेश तुम्हालाही आले असतील. गंमत म्हणजे तेही व्हॉट्सॲपवरच येतात. जरा हिशेब करू.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार एक तास व्हिडिओ पाहण्याचा कार्बन जागतिक सरासरीने ३६ ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोल म्हणजे साठेक तास व्हिडिओ. तुमचा फोन वर्षभर चार्ज करायला पाच ते दहा युनिट लागतात. दीड टनाचा एसी तेवढी वीज एका रात्रीत खातो. जगभरची डेटा सेंटर मिळून २०२४ मध्ये एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरत होती आणि हा आकडा वाढतो आहे, हे खरं. पण माझ्या-तुमच्या पातळीवर मेसेज पुसून फार काही साधत नाही.

साधतं ते फोन जास्त वर्षं वापरून. फोनमुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनातलं बहुतांश तो तयार होतानाच झालेलं असतं. बॅटरी बदलून तोच फोन आणखी दोन वर्षं चालवणं हे हजारो मेसेज पुसण्यापेक्षा मोठं काम. आणि रात्री अकरानंतर फोन बाजूला ठेवलात तर कार्बन किती वाचेल ते सोडा, झोप नक्की वाचेल.

मग डिजिटल पाऊलखुणेची काळजी करायचीच नाही? करायची. पण वजनासाठी नव्हे.

माझी चूक

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची आहे. जिची आहे तिला विचारून, तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहितो आहे.

तेवीस वर्षांची मुलगी, कापडाच्या दुकानात काम करणारी. मानेत गाठ आली म्हणून वडील घेऊन आले. तपासणीला पाठवली, क्षयाची निघाली. मानेच्या गाठीचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, औषधाने पूर्ण बरा होतो. सगळं समजावलं. अहवालातल्या एका वाक्याबद्दल मला शंका होती, म्हणून त्याचा फोटो काढला आणि आम्हा डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं. मी धन्यवादाचा अंगठा दाखवला आणि विसरून गेलो.

फोटोच्या वरच्या कोपऱ्यात तिचं नाव, वय आणि पत्ता होता.

ग्रुपमध्ये दीड-दोनशे जण. त्यातून तो कुठे गेला, कसा गेला, मला आजही माहीत नाही. तीन आठवड्यांनी तिचे वडील एकटेच आले. तिची सोयरीक जमत आली होती. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता, आणि निरोपासोबत त्या अहवालाचा फोटो. वडील चढ्या आवाजात बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा कागद आम्ही तुम्हालाच दाखवला होता."

सोयरीक मोडली हे वाईटच. पण डॉक्टर म्हणून मला जास्त भीती वाटली ती पुढच्या वाक्याची. मुलीने पंधरा दिवस गोळ्या बंद केल्या होत्या. औषध घ्यायला केंद्रावर गेलं की कुणीतरी पाहील, म्हणून ती घराबाहेरच पडत नव्हती. क्षयाचं औषध मध्येच सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. जो आजार सहा महिन्यांत जाणार होता, तो माझ्या एका फोटोमुळे हट्टी होऊन बसला असता.

मी तिच्या घरी गेलो. माफी मागितली. दुसऱ्या भागातल्या केंद्रातून औषधाची सोय केली. ती बरी झाली. पण 'डिलीट' दाबून त्या फोटोचं काहीच करता आलं नाही. कार्बनचं असंच आहे. एकदा हवेत गेला की कुणाच्या डोक्यावर जाऊन बसेल ते आपल्या हातात नसतं.

क्षयाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी नोंद करणं वेगळं आणि ग्रुपवर टाकणं वेगळं. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदा स्पष्ट सांगतो, की काही ठरावीक अपवाद सोडले तर त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची माहिती उघड करता येत नाही. माझ्या मते हीच शिस्त प्रत्येक आजाराला हवी. त्या दिवसापासून मी नाव झाकल्याशिवाय कुठलाही अहवाल कुणालाही पाठवलेला नाही, आणि पेशंटला विचारल्याशिवाय तर नाहीच.

तुमची माहिती कुठे कुठे सांडते?

पेशंटांकडे बघून जे लक्षात आलं ते सांगतो.

झेरॉक्सचं दुकान. अहवाल छापायला आपण दुकानदाराच्या नंबरवर पाठवतो. काम झालं, दहा रुपये दिले, निघालो. फाईल मात्र त्याच्या संगणकावर राहते. समोर उभं राहून पुसायला सांगा. तिथे स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर बाहेर पडून या, आणि फोनमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइसेस' बघा. कधीकाळी कुणाच्या संगणकावर उघडलेलं खातं तिथे अजून चालू दिसेल.

घरचा ग्रुप. सुनेचा गरोदरपणाचा अहवाल, दिराचं लिव्हर, आजेसासऱ्यांची सोनोग्राफी. सगळं 'आपली माणसं' या नावाखाली. ज्याचा अहवाल त्याला आधी विचारा. प्रेमाने पाठवलेला कागदही पुढे सरकतो.

औषधदुकान आणि मोफत शिबिरं. सवलतीसाठी मोबाइल नंबर मागतात. नंबर दिला की तुम्ही कोणत्या गोळ्या घेता हे त्याच्याशी जोडलं जाऊ शकतं. "कशासाठी लागतो?" असं विचारा. नकार दिला तरी औषध मिळतं.

आरोग्याची ॲप. पावलं मोजणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क आणि फोटो कशाला हवेत? फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्या दिसतात. नको त्या काढा. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या मुलींनो, साध्या कॅलेंडरवरची पेन्सिलची खूणही तेच काम करते.

जुना फोन. विकताना किंवा कामवाल्या मावशींना देताना सिम आणि मेमरी कार्ड काढा, खाती बंद करा, फॅक्टरी रीसेट करा. अगदीच मोडका असेल तर कचऱ्यात टाकू नका. बॅटरी पेट घेऊ शकते. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. इथे दोन्ही पाऊलखुणा एकाच कामात आटपतात.

आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. दिलेली संमती मागे घेणं, चुकीची माहिती दुरुस्त करून घेणं, गरज संपलेली माहिती पुसायला सांगणं हे हक्क त्यात आहेत. 'कशासाठी लागतं?' या प्रश्नाला आता कायद्याचं पाठबळ आहे.

काय पुसायचं नाही

काही जण उत्साहाच्या भरात सगळंच साफ करतात. तसं करू नका. पुरातल्या त्या काकूंना आठवा. चालू औषधांची शेवटची चिठ्ठी, ॲलर्जीची नोंद, रक्तगट, शस्त्रक्रियेचे आणि डिस्चार्जचे कागद, हृदयाचा जुना ईसीजी, मुलांच्या लसींचं कार्ड. यांचे स्वच्छ फोटो एका फोल्डरमध्ये, कुलूप लावून ठेवा आणि घरातल्या एकाच विश्वासू माणसाला माहीत असू द्या. सरकारच्या आभा क्रमांकाची, म्हणजे चौदा अंकी आरोग्य खात्याची, सोयही आहे. ती ऐच्छिक आहे आणि कोणाला काय दाखवायचं हे तुमच्या संमतीवर चालतं. डॉक्टरलाही नोंदी काही वर्षं ठेवाव्याच लागतात, त्यामुळे "माझं सगळं पुसून टाका" म्हणालात तर मला लगेच पुसता येणार नाही. पण कुलूप लावून ठेवणं हे माझं काम आहे.

थोडक्यात दोन्ही पाऊलखुणांचं पथ्य एकच : जे लागतं ते नीट वापरा, जे लागत नाही ते आधी तयारच करू नका. नंतर पुसत बसणं अवघड.

तुम्हाला एक काम देतो. या महिन्याचं विजेचं बिल, गाडीत भरलेलं पेट्रोल आणि सिलिंडर एका वहीत लिहा आणि वरच्या आकड्यांनी गुणा. शेजारच्या पानावर गेल्या महिन्यात तुमचा किंवा घरच्यांचा आजार कुणाकुणाच्या फोनमध्ये गेला ते लिहा. पुढच्या भेटीत वही आणलीत तर बघेन. रागावणार नाही; माझी वही तुम्ही आत्ताच वाचली आहे.

आणि हो, ती मुलगी. गेल्या पावसाळ्यात आली होती, तापाने फणफणलेला तीन वर्षांचा मुलगा कडेवर. मी आत दुसरा पेशंट तपासत होतो. खिडकी उघडी असल्यामुळे बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. आमच्या कंपाउंडरने नेहमीप्रमाणे मोबाइल नंबर विचारला. ती म्हणाली, "देते, पण आधी सांगा, तो तुम्ही लिहिता कुठं आणि बघतं कोण?"

तो गोंधळून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "बरोबर विचारतायत त्या. नीट सांग त्यांना."